पैसा अडवा, पैसा जिरवा

बँकेत असताना आंबा बागायतदाराचं कर्जप्रकरण टेबलावर आलं की त्यात एक रकाना हमखास असायचा: घसारा. फवारणीचा पंप, पाण्याची मोटर, टेंपो यांची किंमत दर वर्षी थोडी थोडी कमी धरायची. पंप काही वर्षांत शून्यावर यायचा. देवगड-मालवण भागातली माझी बरीचशी नोकरी या आकडेमोडीत गेली आणि इतक्या वर्षांत मला एक साधी गोष्ट कधी खटकली नाही. ज्या झाडाच्या जिवावर तो पंप, ती मोटर, तो टेंपो आणि माझा पगारही चालला होता, त्या कलमाला घसारा नव्हता. खालच्या मातीलाही नव्हता. समुद्राला तर रकानाच नव्हता, कारण समुद्र कोणाच्या नावावर नाही.

खटकायला लावलं ते देवगडकडच्या एका बागायतदाराने. त्याची साठेक कलमं, बापाने लावलेली. तो स्वतः मुंबईला नोकरीत, त्यामुळे बाग कराराने दिलेली. दोन वर्षांचा करार संपला की नवा माणूस. निवृत्तीनंतर मुंबईतलं बिऱ्हाड आवरून तो गावी आला, बाग ताब्यात घेतली आणि एक दिवस मला बोलावून त्याने झाडं दाखवली. फांद्यांची टोकं आखूड, गाठी पडल्यासारखी. पालवी थिटी. आतून झाड सुकत चाललेलं. "साहेबानू, झाडाक पण इसवाटो लागता," झाडालाही विसावा लागतो, एवढंच म्हणाला. मी काय बोलणार? याच बागेचं उत्पन्न सलग दोन वर्षं वाढलं म्हणून कराराने घेणाऱ्याची कर्जमर्यादा मीच वाढवून दिली होती.

हापूस हे मुळात एका वर्षाआड भरून येणारं झाड. ज्या वर्षी फळ धरतं त्या वर्षी साठवलेलं अन्न फळात जातं. पुढच्या वर्षी ते पालवी काढतं, पान जून करतं, पुन्हा साठा करतं आणि मग मोहोराला लागतं. बाजाराला हे मधलं वर्ष परवडत नाही. पेटी दर वर्षी वाशीच्या घाऊक बाजारात पोचली पाहिजे आणि तीही लवकर, भाव पडायच्या आधी. त्यावर तोड म्हणून पॅक्लोब्युट्राझॉल हे संजीवक आलं. आपल्याकडे त्याला सगळे कल्टारच म्हणतात. पावसाळ्यात ते झाडाभोवतीच्या मातीत द्यायचं. झाडाची वाढ ज्याच्यामुळे होते ते जिबरेलिन तयार होणं त्याने रोखलं जातं, पालवी कमी फुटते आणि मोहोर लवकर नि नेमाने येतो. औषधाला मी नावं ठेवत नाही. मात्रा झाडाच्या विस्ताराप्रमाणे ठरवायची, खत वाढवायचं, अशक्त झाडाला द्यायचंच नाही, हे सगळं सांगितलेलं होतं. आपण औषध घेतलं, पथ्य सोडलं. आणि ज्याचा करारच दोन वर्षांचा, त्याने तिसऱ्या वर्षासाठी शेणखत का घालावं? तो माणूस काही दुष्ट नव्हता. दोन वर्षांच्या करारात दोन वर्षांचंच शहाणपण मावतं.

माझं म्हणणं या कलमापासून सुरू होतं आणि फारसं लांब जात नाही. कोकणात काय चुकलं यावर बोलताना आपण प्रकल्प आले की नाही आले, निसर्ग राखला की नाही राखला, अशा जोड्या लावून भांडतो. मला वाटतं चूक वेळेची आहे. झाडाला, मातीला, खाडीला, माशाला भरून यायला जेवढा काळ लागतो, त्यापेक्षा आपला पैसा फार घाईत आहे. तो घाईने येतो, घाईने निघून जातो आणि जाताना ज्याच्यावर तो उगवला ते थोडं थोडं खरवडून नेतो.

राज्याचा नि देशाचा हिशेब माझ्या त्या कर्जाच्या फॉर्मसारखाच आहे. एकूण उत्पादनातून यंत्रं, इमारती, रस्ते यांची झीज वजा करून निव्वळ उत्पादन काढायची पद्धत जुनीच आहे. पण जंगल, वाळू, मासा, भूजल यांची झीज त्यात धरत नसत. ज्या सायमन कुझनेट्स यांनी अमेरिकेचं राष्ट्रीय उत्पन्न पहिल्यांदा नीट मोजून दिलं, त्यांनीच १९३४ साली तिथल्या सिनेटला बजावलं होतं की या आकड्यावरून देशाच्या कल्याणाचा अंदाज बांधू नका. आकडा जगाने घेतला, इशारा तिथेच राहिला. अगदी कल्टारसारखं. मार्च २०२५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने राष्ट्रीय हिशेबाची जी नवी पद्धत मान्य केली, तिच्यात नैसर्गिक साधनांची झीज हा उत्पादनाचा खर्च मानला आहे. म्हणजे कुझनेट्सच्या इशाऱ्याला नव्वद वर्षं उलटून गेल्यावर समुद्राला रकाना मिळायची सोय कागदावर तरी झाली. आपल्या तालुक्याच्या कागदावर ती कधी उतरेल, हे सांगायला मी ज्योतिषी नाही.

सजीवाच्या जगात वाढ थांबणं म्हणजे मरण नव्हे, हे कोकणातल्या माणसाला पुस्तकातून शिकावं लागू नये. माड ठरावीक वयाला फळाला लागतो आणि मग दशकानुदशकं नारळ देतो. त्याच्याकडून आपण दर वर्षी सात टक्के जास्त नारळांची अपेक्षा धरत नाही. चांगल्या वाडीत माडाखाली पोफळ, पोफळीवर मिरीचा वेल, मध्ये जायफळ, खाली केळ आणि अळू. एकाचं गळलेलं झावळ दुसऱ्याचं खत होतं. कडेचा पाट वरच्या वाडीचं पाणी खालच्या वाडीला देतो आणि पाळी चुकली की भांडणही देतो. या व्यवस्थेतून पैसा निघतो, पण तिच्यातला बराचसा व्यवहार आतल्या आत फिरत राहतो. बाहेर जातं त्यापेक्षा आत फिरतं ते जास्त. सजीव व्यवस्थेची एवढी एक खूण मला पुरेशी वाटते.

गांधींच्या वर्तुळातले अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा यांनी चाळीसच्या दशकात तुरुंगात बसून निसर्गातल्या अर्थव्यवहाराचे प्रकार पाडले होते. वाघ मारून खातो तो एक प्रकार. माकड बागेतली फळं खातं, पण लागवड, खत, शिंपण यांत त्याचा काडीचा वाटा नसतो, हा दुसरा. मधमाशी मध गोळा करते आणि जाता जाता परागीभवन करून जाते, तो आणखी वरचा. कुमारप्पांना कोकणातल्या माकडांचा उपद्रव किती ठाऊक होता कोण जाणे, पण आज इथल्या कोणत्याही बागायतदाराला माकडाची उपमा समजावून सांगावी लागणार नाही. फक्त एवढंच म्हणेन, की शहाळ्यांची नासधूस करणारं माकड आपल्याला दिसतं आणि आपण फटाके घेऊन धावतो. दोन वर्षांच्या कराराने येणारं, अर्ज भरून, पॅनकार्ड जोडून येणारं माकड दिसत नाही. त्याला तर आम्ही खुर्ची द्यायचो, चहा मागवायचो.

पावसाचंच बघा ना. रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो. मराठवाड्यातल्या माणसाला हा आकडा सांगितला की तो आपल्याकडे संशयाने बघतो. आणि एप्रिल-मे उजाडला की त्याच जिल्ह्यांतल्या वाड्यांवर टँकर. जांभा सच्छिद्र, डोंगराचा उतार तीव्र, समुद्र जवळ. पडलेलं पाणी काही तासांत वहाळातून नदीला, नदीतून खाडीला. सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या कातळी पठारावर, जे थोडं मुरतं तेच पुढे पायथ्याच्या विहिरींना पाझरतं. म्हणून चिरेखाणीसाठी सडा कापला की वरची पातळ माती नि पावसाळी फुलं तर जातातच, पण खालच्या वाडीची विहीरही कधी कधी आटते. तिचा हिशेब चिऱ्याच्या दरात नसतो. नव्वदच्या दशकात सरकारने 'पाणी अडवा, पाणी जिरवा' ही घोषणा दिली. लोकांनी लगेच 'एकमेकांना अडवा, एकमेकांची जिरवा' असं तिचं भाषांतर केलं, आणि खरं सांगायचं तर अनेक गावांत तीच योजना जास्त यशस्वी झाली.

पैशाचं कोकणात अगदी पावसासारखं होतं. कोकण गरीब आहे म्हणतात, पण मी ज्या ज्या शाखेत काम केलं तिथे ठेवींची कधी ददात नव्हती. मुंबईच्या गिरण्यांच्या काळात मनीऑर्डर यायची. १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या, पण मुंबई गेली नाही. आखाती देशांतून, बोटीवरून, पेन्शनमधून पैसे येतच राहिले. ठेवी भरपूर, आणि कर्जं? कर्ज घ्यायला माणूस नाही, आणि असला तर तारण द्यायला सातबारा नीट नाही. मग ठेवीचा पैसा वर जायचा, मुख्यालयात, आणि तिथून जिथे मागणी असेल तिथे. म्हणजे विधवा आत्याने पोटाला चिमटा काढून ठेवलेल्या मुदतठेवीतून दुसऱ्याच कुठल्या शहराच्या उपनगरात फ्लॅट उभे राहत. बँक म्हणून यात बेकायदा काही नव्हतं. ठेवी-कर्ज गुणोत्तर, म्हणजे ठेवींच्या तुलनेत दिलेल्या कर्जाचं प्रमाण, ४० टक्क्यांच्या खाली गेलं तर त्या जिल्ह्याने खास उपसमिती नेमून उपाय शोधावेत, असा रिझर्व्ह बँकेचा दंडकही आहे. अशा बैठकांना मी बसलो आहे. चहा-बिस्किटं झाली की 'कर्जाला मागणी नाही' असं टिपण व्हायचं.

मागणी का नाही, हा खरा प्रश्न. आंब्याच्या पेटीचा पैसा घ्या. हंगामाआधीच वाशीच्या दलालाकडून उचल घेतलेली, त्यामुळे माल त्याच्याकडेच जाणार आणि भाव तो सांगेल तो. औषधं बाहेरची, खोके बाहेरचे, राखणीला आणि तोडीला नेपाळहून आलेली माणसं. ती माणसं कष्टाचं घेतात आणि घरी पाठवतात, जसे आपले बाप मुंबईहून पाठवायचे, तेव्हा त्यांच्याविषयी एक शब्द नको. पण गावात शेवटी काय उरतं याचा हिशेब केला तर हापूसचं नाव मोठं नि जिरलेला पैसा लहान. काजूचं तर विचारूच नका. बी निघतं त्याच्या कितीतरी पट वजनाचं बोंड निघतं, आणि आपल्याकडचं बरंचसं बोंड झाडाखाली कुजतं. बांद्याच्या पलीकडे गोव्यात गेलं की त्याच बोंडाची फेणी होते, तिला २००९ पासून भौगोलिक मानांकनसुद्धा आहे. काजूच्या झाडाला राज्याची हद्द कळत नाही, अबकारी खात्याला कळते. वेंगुर्ल्याच्या काजूला नि सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमालाही मानांकन मिळालं, आनंद आहे, पण मानांकन ही पाटी झाली. बी फोडण्यापासून गर पॅक करण्यापर्यंतचं काम तालुक्यात किती राहतं यावर झाडाचा पैसा गावात किती दिवस थांबणार ते ठरतं.

समुद्राकडे आलं की घाई आणखी स्पष्ट दिसते. मालवणच्या किनाऱ्यावरची रापण ज्यांनी पाहिली असेल त्यांना ठाऊक आहे: होडीने जाळं अर्धवर्तुळात टाकायचं, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून ओढायचे, आणि येईल त्या मासळीचे वाटे पाडायचे. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, ओढणाऱ्या हातांचा वाटा. मासा किनाऱ्याला आला तर रापणीत, नाही आला तर नाही. मर्यादा नियमात नव्हती, पद्धतीतच होती. पर्ससीन नेट मात्र थवा शोधून काढतं आणि अख्खाच्या अख्खा वेढून उचलतं. तारली, बांगडा यांसारख्या थव्याने फिरणाऱ्या माशांना मग लपायला जागा नाही. सोमवंशी समितीच्या अहवालानंतर २०१६ साली राज्याने पर्ससीनवर सप्टेंबर ते डिसेंबर असं हंगामाचं बंधन घातलं, संख्येवर मर्यादा आणली. २०१७ मध्ये प्रखर दिवे लावून मासेमारी करायला केंद्राने बंदी केली. तरी रात्री किनाऱ्यावर उभं राहिलं की क्षितिजावर शहर वसल्यासारखे दिवे दिसतात, अशी मच्छीमारांची तक्रार थांबलेली नाही.

इथे पर्ससीनवाल्याला खलनायक करून मोकळं होणं सोपं आहे. मी त्यांच्यातल्या काहींची कर्जं मंजूर केली आहेत, म्हणून मला ते सोपं जात नाही. बोट, इंजिन, जाळं, डिझेल असा मोठा खर्च कर्जावर उभा केला की हप्ता सुरू होतो. १ जून ते ३१ जुलै समुद्राला सुट्टी असते. हप्ता त्या दोन महिन्यांतही चढत राहतो. मासा कमी झाला तर शहाण्या माणसाने जाळं आवरतं घ्यावं, पण कर्जदार माणूस जाळं वाढवतो, कारण त्याला मासा पकडायचा नसतो, हप्ता पकडायचा असतो. सजीव व्यवस्थेत साधन घटलं की खाणारे घटतात आणि साधनाला पुन्हा उसंत मिळते. आपण ती साखळीच उलटी फिरवली: साधन घटलं की खाण्याचा वेग वाढतो. आणि ते केलं लोभाने नाही, परतफेडीच्या तक्त्याने. तक्ता माझ्याच टेबलावर बनायचा.

याच उलट्या साखळीचा सर्वांत महागडा नमुना गुहागरजवळ अंजनवेलला पाहिला आपण. दाभोळ वीज प्रकल्पाच्या करारात वीज घ्या अथवा न घ्या, क्षमतेचं भाडं द्यायचंच, असं बांधून घेतलेलं होतं, आणि बोजा डॉलरशी जोडलेला. १९९९ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला, २००१ मध्ये वीज मंडळाने वीज घेणं थांबवलं आणि अख्खा प्रकल्प बंद पडला. शरीराला भूक नसताना ठरलेलं खाऊ घालायचा करार कोणताही जीव फार दिवस पाळू शकत नाही. त्यानंतर तेलशुद्धीकरण प्रकल्पावरून नाणार झालं, बारसू झालं. नाणारचा निर्णय मार्च २०१९ मध्ये मागे घेतला गेला आणि काही वर्षांत तोच वाद बारसूच्या सड्यावर, कातळशिल्पांच्या शेजारी येऊन उभा राहिला. दोन्ही वेळी चर्चा दोनच गोष्टींची: रोजगार किती आणि प्रदूषण किती. प्रश्न रास्तच आहेत. पण तीन लाख कोटींच्या गुंतवणुकीतला पैसा राजापूर तालुक्यात किती महिने फिरेल, आणि तीस वर्षांनी प्रकल्प संपेल तेव्हा इथली माती, खाडी, विहीर आणि माणसाचा हात आजच्यापेक्षा जाड झालेला असेल की पातळ, हे कोणी कागदावर मांडलेलं माझ्या वाचनात आलं नाही. जो प्रकल्प याचं उत्तर देऊ शकेल त्याला विरोध करण्याचं मला कारण दिसत नाही. देऊ शकणार नाही तो 'हरित' म्हणून जन्माला आला तरी माझ्या लेखी दोन वर्षांचा करारच.

आता दुसऱ्या बाजूच्या मित्रांसाठी थोडं. निसर्गाच्या लयीत जगणारं जुनं कोकण, स्वयंपूर्ण गाव, असं चित्र रंगवणाऱ्यांनी खोती विसरू नये. जमीन कसणारा एक आणि धान्य नेणारा दुसरा. अलिबाग तालुक्यात चरी आणि आजूबाजूच्या गावांतल्या कुळांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून जवळजवळ सहा वर्षं शेती न करता संप केला, उपासमार सोसली, तेव्हा कुठे त्या व्यवस्थेला तडा गेला. बाबासाहेब आंबेडकरांनी खोती रद्द करण्याचं विधेयक १९३७ साली मुंबई विधिमंडळात मांडलं, कारण तो प्रश्न जमिनीइतकाच माणसाच्या मानाचा होता. त्या काळी शेणखत शेतात परत जात होतं हे खरं, पण कुळाच्या घरात काहीच परत येत नव्हतं. मातीचं चक्र पुरं आणि माणसाचं तुटलेलं, अशा व्यवस्थेला सजीव म्हणायचं तर बांडगूळही सजीवच असतं. माझ्या मते जे परत जायला हवं त्यात मजुरी, मान आणि मालकी आधी येतात, शेणखत मागाहून.

सामायिक गोष्टी सगळ्यांच्या म्हणून कोणाच्याच नसतात आणि त्यांची नासाडी ठरलेलीच, असं अर्थशास्त्रात बरीच वर्षं गृहीत धरलं जायचं. जगभरातली कुरणं, पाट, मासेमारीची बंदरं तपासून ते तसं नसतं, लोक नियम करतात आणि पाळतात, हे एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी दाखवलं आणि २००९ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. रायगडच्या खारेपाटात हे नोबेलशिवाय ठाऊक होतं. खाडीचं पाणी अडवणारा मातीचा बांध, त्यातली उघाडी, भरती-ओहोटीप्रमाणे ती उघडायची-मिटायची. आत भात, शेततळ्यात जिताडा. बांधाला खांड पडली की घरटी एक माणूस निघायचा, कारण एका रात्रीत खारं पाणी सगळ्यांच्याच शेतात शिरणार. पुढे १९४८ आणि १९७९ च्या कायद्यांनी खारबंदिस्तीचं काम शासनाकडे गेलं. हेतू चांगला होता, निधीही आला. पण बांध 'सरकारी' झाला आणि खांड पडली की घरटी एक माणूस निघायच्या ऐवजी घरटी एक सही अर्जावर पडू लागली. निधी मंजूर होईपर्यंत दोन पावसाळे. तोवर शेतात कांदळवन उगवलेलं, आणि ते एकदा उगवलं की कायद्याने तोडता येत नाही. कांदळवन वाढलं म्हणून एक खातं आनंदात, शेती बुडाली म्हणून दुसऱ्या खात्याकडे अर्ज. दोघंही आपापल्या रकान्यात बरोबर.

मला आवर्जून सांगायचंय ते हे, की माणूस निघून गेला म्हणजे निसर्ग सावरतो हे कोकणात निम्मंच खरं आहे. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी नि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा घटली होती. रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया निघाल्या. या आकड्याला कोणी स्त्री-सन्मान समजू नये, पुरुष मुंबईत होते एवढाच त्याचा अर्थ. डोंगरउतारावरची भातखाचरं माणसाच्या हाताने बांधलेली आहेत. पडीक टाकली की पहिल्या पावसात बांध ढासळतो, दुसऱ्यात माती वाहते, आणि खालचा वहाळ गाळाने भरतो. पाट साफ करायला कोणी नसलं की वाडी सुकते. इथलं निसर्गचक्र माणसाला धरून बनलेलं आहे, त्यामुळे तरुण पोरगा गाव सोडतो ते जमिनीचंही नुकसान असतं. निसर्ग राखायचा म्हणून रोजगार नको म्हणणारे आणि रोजगार हवा म्हणून निसर्ग जाऊ द्या म्हणणारे, दोघांनीही एकदा पडीक खाचरात उभं राहून बघावं.

काम उभं राहतं तेव्हा ते लहान असतं, म्हणून नजरेत भरत नाही. मंडणगड तालुक्यात वेळासला सह्याद्री निसर्ग मित्र या चिपळूणच्या संस्थेने २००२ पासून ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला सुरुवात केली. अंडी पळवणारे हात अंडी राखायला लागले, पाहुणे यायला लागले, घराघरांत जेवणाच्या पंगती बसू लागल्या. कर्जत-नेरळकडे सगुणा भात पद्धतीत नांगरणी, चिखलणी वगळून गादीवाफ्यावर टोकण करतात आणि कापणीनंतर मुळं मातीतच ठेवतात. कुजणाऱ्या मुळांनी जमीन पोकळ होते, गांडूळ परत येतं, आणि लावणीच्या दिवसांत कंबर वाकवून उभ्या असलेल्या बाईची कंबर वाचते. तण मारायला त्यात तणनाशक वापरतात, ते मला पटत नाही. पण मातीतलं घेतलेलं मातीला परत देऊन उत्पन्न टिकवता येतं हे तिथे डोळ्यांनी दिसतं, तेव्हा एवढी कुरबुर करून मी गप्प बसतो.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन-दिवेआगरच्या पोफळीच्या बागा आडव्या केल्या. भरपाई आधी हेक्टरावर ठरली. वाड्या गुंठ्यांच्या, मग हातात काय येणार? ओरड झाल्यावर झाडावर मोजायचं ठरलं. बरं झालं. पण पोफळ नव्याने लावून सुपारी धरायला सहा-सात वर्षं जातात, आणि मदत मिळाली एकदाच. झाडाचा काळ मोजायची सवय आपल्या कोणत्याच फॉर्मला नाही.

मग फॉर्म बदलायचा कसा? मी सुचवीन ते फार क्रांतिकारी नाही, बँकवाल्याकडून क्रांतीची अपेक्षाही नसते. कलमांचा करार दहा वर्षांखालचा असेल तर त्यावर पीककर्ज नको, आणि करारात खताची अट हवी. बोटीच्या कर्जाचा हप्ता महिन्याला न बांधता मासळीला बांधावा, बंदीच्या काळात व्याजही थांबावं. बँक त्यात थोडं सोसेल, पण मासाच संपला तर तारण म्हणून राहणाऱ्या बोटी घेऊन ती काय करणार? चिरा, वाळू, खनिज यांच्यातून जिल्ह्याला जे मिळतं, त्यातला ठरलेला वाटा सडा आणि वहाळ सावरायला जावा. मोठ्या खनिजांसाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठानाची तरतूद २०१५ पासून कायद्यात आहे. तिथला पैसा सभागृहांच्या नि कमानींच्या पलीकडे न्यायचा एवढंच काम उरलं आहे. आणि सगळ्यांत आधी, तालुक्याच्या ठेवींतला निदान निम्मा पैसा त्याच तालुक्यात, बी फोडायच्या, मासे सुकवायच्या, कोकम आटवायच्या, बांध बांधायच्या कामाला मुरला पाहिजे. चाळीस नावांचा सातबारा आड येतो, मान्य. त्याच चाळीस नावांमुळे कितीतरी सडे आजवर विकले गेले नाहीत, हेही खरं. तेव्हा तारण जमिनीचं न मागता गटाचं मागायला बँकेने शिकावं. बचत गटांच्या बायकांनी ते कधीच सिद्ध करून दाखवलं आहे, आणि त्यांची थकबाकी माझ्या शाखेत साहेबलोकांच्या थकबाकीपेक्षा नेहमी कमी असायची.

वाचणाऱ्यांपैकी कोणाचं खातं गावच्या शाखेत असेल तर पुढच्या खेपेला पासबुक भरून घेताना एक प्रश्न विचारा: या शाखेत ठेवी किती आणि त्यातलं याच तालुक्यात कर्ज किती? मॅनेजर जरा का-कू करेल, कॉम्प्युटर बंद आहे म्हणेल, वरून परवानगी लागते म्हणेल. मीही तेच म्हणायचो. तरी विचारा.